ऐकू येतं, पण वेगळं ऐकू येतं का? बेरा, ऑडिओग्राम आणि त्यानंतरचं सगळं

माझ्या मुलाच्या कानांच्या तपासण्या जुलै 2023 मध्ये सुरू झाल्या. श्रवणयंत्रं, ऐकण्या-बोलण्याची थेरपी, शाळा असं करत करत आत्ता कुठे गाडी रुळावर आली आहे. देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहून हे करताना कुठला कागद कधी मागून घ्यायचा, कुठल्या तपासणीतून काय कळतं आणि काय कळत नाही, हे सांगणारं जवळपास कुणी भेटलं नाही. म्हणून हे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाचं निदान इथे शोधू नका, वाटेची माहिती घ्या.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. बाबू तेव्हा चार वर्षांचा होत आला होता. तो बोलायचा भरपूर, पण शाळेला 'ताळा' आणि चिमणीला 'तिमणी' म्हणायचा, आणि साखरेतला 'सा' तर गायबच असायचा. सासूबाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "तेचो बापूसय उशिरानच बोलाक लागलो." शिवाय ऐकू येत नाही अशी शंका यावी असं काही नव्हतंच. ताट पडलं की तो दचकायचा, बाबांची मोटरसायकल वळणावर असतानाच ओटीवर धावायचा. पथकातल्या डॉक्टरबाईंनी मात्र तोंडापुढे कागद धरून त्याला चार-पाच शब्द म्हणायला लावले आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी लिहून दिली. ओठ झाकल्यावर त्याचे शब्द आणखी चुकले, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

ऑगस्टमध्ये ओरोसला गेलो. केसपेपर, मग कान-नाक-घसा विभाग. कानातला मळ काढला, पडद्यामागे पाणी नाही ना हे बघणारी टिम्पॅनोमेट्री केली, ती ठीक आली. मग ओएई. यात कानात छोटी नळी घालून आवाज सोडतात आणि आतल्या कानातल्या केसपेशींकडून उलट येणारा बारीक प्रतिसाद मोजतात. मुलाला काही करावं लागत नाही, शांत बसलं की झालं. कागदावर दोन्ही कानांपुढे 'रेफर' असं आलं. 'रेफर' म्हणजे बहिरेपणा नव्हे, पुढची तपासणी करा एवढंच. पण हे समजेपर्यंत मी ओरोसच्या स्टँडवर बसून रडून घेतलं होतं. या टप्प्यापासून प्रत्येक तपासणीची मूळ प्रिंट मागून घ्या, नुसता शेरा नको. पुढे प्रत्येक जण ती मागतो.

पुढची तपासणी बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदूचा देठ प्रतिसाद देतात का ते मोजणारी. माझी बहीण कोल्हापूरला असते म्हणून तिथल्या एका खाजगी सेंटरची वेळ घ्यायचं ठरलं. पण 19 सप्टेंबरला गणपती आले. गणपतीत आमच्याकडे दवाखाना काय नि कचेरी काय, सगळं पुढे ढकललं जातं. तारीख मिळाली ती ऑक्टोबरची.

बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका, अशा सूचना मिळाल्या होत्या. फोंडा घाटात एसटी लागली आणि बाबू माझ्या मांडीवर आडवा झाला. गाणी म्हटली, खिडकी उघडली, चिमटेसुद्धा काढले, काही उपयोग झाला नाही. सेंटरला पोचलो तेव्हा साहेब टक्क जागे. सिरप देऊनही झोपेनात. पुढची तारीख घ्यावी लागली. तेव्हा कोकणातून घाट चढून जाणार असाल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं. झोपेचं औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांच्या समोरच द्यायचं, घरून पाजून न्यायचं नाही.

झोपल्यावर कपाळ आणि कानामागची कातडी खरखरीत जेलने घासून तिथे इलेक्ट्रोड चिकटवले. कानात टिक टिक टिक असा कोरडा आवाज सुरू झाला. तो शेकडो वेळा वाजवून सरासरी काढतात, तेव्हा पडद्यावर छोट्या लाटा दिसू लागतात. त्यातली पाचवी लाट महत्त्वाची. आवाज कमी करत जायचा आणि ती लाट कुठवर टिकते ते बघायचं. बाबूची लाट दोन्ही कानांत 50 डेसिबलपर्यंत दिसली, त्याखाली नाही. खर्च 2,200 रुपये. रिपोर्टवर मॉडरेट, म्हणजे ऐकण्यात मध्यम तोटा, असं लिहिलं होतं. नवऱ्याने फोनवर विचारलं, "म्हणजे अर्धं ऐकू येतं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि आज कळतं की त्या प्रश्नाला तसं उत्तरच नसतं.

तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी बसवून सांगितलं ते असं. बेरा म्हणजे आवाज कानात शिरल्यापासून पहिल्या 10 मिलिसेकंदांची गोष्ट. कानाची नस आणि मेंदूचा देठ, इथपर्यंतच. टिक वाजली हे वर कळवलं जातंय की नाही, एवढं त्यातून कळतं. 'साप' म्हटलं की 'ताप' म्हटलं, यातलं काही त्यात येत नाही. हे मी इथे मुद्दाम ठळक सांगते, कारण बेराचा कागद हातात पडला की सगळ्यांना वाटतं तपासणी संपली. आम्हालाही सेंटरच्या काउंटरवर लगेच यंत्राचं दरपत्रक मिळालं होतं. मॅडमनी आत बोलावलं नसतं तर तिथूनच यंत्र घेऊन आलो असतो.

दुसऱ्या दिवशी प्ले ऑडिओमेट्री. हेडफोनमध्ये सूर ऐकू आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा, असा खेळ. ठोकळ्यांत बाबूला रस नव्हता. बहिणीसाठी आणलेल्या काजूच्या बिया पिशवीत होत्या, त्या काढून दिल्या आणि एक वाटी. मग तो असा बसला की विचारू नका. बी कानाजवळ धरून, डोळे वाटीवर, सूर आला की टक्क. जाड, म्हणजे खालच्या पट्टीतला, सूर आला की बी लगेच पडायची. सूर बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतला, होत गेला तशी बी हातातच राहायची, आणि मॅडम आवाजाचं बटण वाढवत वाढवत नेत तेव्हा कुठे पडायची. मला काचेच्या या बाजूने सूर ऐकू येत नव्हते, नुसता बी धरलेला हात दिसत होता. त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते सगळ्या कागदांनी मिळून कळलं नाही.

आकडे असे आले (हर्ट्झ म्हणजे सूर किती बारीक, डेसिबल म्हणजे ऐकू यायला तो किती मोठा करावा लागला): 500 हर्ट्झला 25 डेसिबल, 1000 ला 30, 2000 ला 55, 4000 ला 70. या आकड्यांचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. त्याची रेघ फोंड्याच्या घाटासारखी उतरत गेलेली. स्वरांचं बळ मुख्यतः जाड भागात असतं, म्हणून आ, ऊ, म त्याला छान ऐकू येत होते. मोटरसायकल तर येणारच. 'स' चा फुसकारा 4000 हर्ट्झ आणि त्याच्याही वर असतो. तो त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

त्यानंतर चित्रांची तपासणी. चार चित्रं समोर, मॅडम तोंडापुढे जाळीदार कापड धरून शब्द म्हणणार, बाबूने बोट ठेवायचं. (हाताने तोंड झाकलं तर आवाजही बदलतो, म्हणून कापड.) काका-दादा बरोबर. पान-बाण बरोबर. साप-ताप मध्ये प्रत्येक वेळी थर्मामीटरच. आधी चित्रांची नावं त्याच्याकडून वदवून घेतली तेव्हा माशाच्या चित्राला तो 'बांगडो' म्हणाला. मॅडम सांगलीकडच्या, त्यांनी चूक लिहायला पेन उचललं होतं, मी खुलासा केला तर हसत सुटल्या. पण मग त्यांनी नीट विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? मालवणी, म्हटलं. "मग तीच बोलत राहा. शब्दांची यादी मला घरच्या बोलीतली करून द्या." तुम्हालाही हेच सांगेन: मुलाच्या घरच्या शब्दांची यादी सोबत न्या. नाहीतर मुलाला शब्द माहीत नाही की ऐकू आला नाही, हे तपासणाऱ्याला कळणार कसं?

मी तेव्हा विचारलं होतं की प आणि ब मधला एवढासा फरक त्याला कळतो, मग स का नाही? त्यांनी सांगितलं, प-ब मधला फरक वेळेचा असतो. ओठ उघडणं आणि गळ्यातला आवाज सुरू होणं यांत किती मिलिसेकंद जातात यावर मेंदू ठरवतो, आणि गळ्याचा आवाज जाड भागात असतो, तो बाबूला मिळतो. 1964 मध्ये लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी बऱ्याच भाषांत हे अंतर मोजलं, त्यात मराठीही होती, कारण आपल्याकडे प, फ, ब, भ असे चार आहेत. इतक्या लांब कुणीतरी आपल्या 'फ' आणि 'भ' चं अंतर मोजून ठेवलंय हे ऐकून त्या दिवशी उगाच बरं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये यंत्रं घेतली. कानामागची डिजिटल जोडी 48,000 रुपये, यंत्र कानात नीट बसवणारे कानाचे साचे वेगळे. वाशीच्या दलालाकडून आंब्याची उचल मिळाली होती, त्यातून भागवलं. घेण्यापूर्वी ट्रायल मागा. यंत्र घालून पुन्हा काजूच्या बियांचा खेळ आणि पुन्हा चित्रं, हे दोन्ही झाल्याशिवाय पैसे देऊ नका. मूल वाढतं तसे साचे सैल होतात आणि यंत्र शिट्टी मारतं, म्हणजे साच्यांचा खर्च पुन्हा पुन्हा येतो हेही धरून चाला.

यंत्र लावल्यावर बाबू 'साप' म्हणेल या आशेवर मी होते. तो 'ताप'च म्हणत होता. यंत्रात बिघाड आहे असं समजून मी मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, आवाज आता पोचतोय, पण त्याच्या मेंदूत 'स' ची जागाच झालेली नाही. चार वर्षं जो आवाज आलाच नाही त्याला वेगळं कसं काढणार? जवळच्या ओळखीच्या आवाजात तो ढकलून देतो. मग त्यांनी उदाहरण दिलं ते आपल्या त आणि ट चं. 1984 मध्ये वर्कर आणि टीझ यांनी दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त-ट फरक ओळखता येतो, पण दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीच गळून जाते. हिंदी घरातल्या बाळांत ती टिकते. त्या बाळांच्या कानांत काहीच दोष नसतो. मेंदू रोज जे ऐकतो त्याप्रमाणे फरक राखतो नाहीतर सोडून देतो.

हे ऐकल्यावर मी रात्री मोबाईलवर वाचत बसले आणि स्वतःची झोप घालवली. अनु शर्मा यांचं संशोधन सापडलं. जन्मतः बहिऱ्या मुलांना साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) केलं तर आवाजाला मेंदूकडून येणारी पी-1 नावाची लाट काही महिन्यांत वयाप्रमाणे येऊ लागते, उशीर झाला तर बऱ्याचदा मागे राहते. बाबूचं निदान चारच्या पुढे! सकाळी सात वाजता मॅडमना मेसेज. त्यांनी शांतपणे लिहिलं की तो अभ्यास ज्यांच्यापर्यंत आवाजच पोचला नव्हता अशा मुलांचा आहे. बाबूचा मेंदू पहिल्या दिवसापासून स्वर ऐकतोय, रस्ता तयार आहे, त्यावर फक्त काही आवाज आलेले नाहीत. वाचा जरूर, पण अभ्यास कुठल्या मुलांवर झाला ती ओळ आधी शोधा.

डिसेंबरमध्ये दिव्यांग प्रमाणपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा, बेरा आणि ऑडिओग्राम. फोटो आणि कागद ठराविक आकारातच चढतात, महा ई-सेवा केंद्रवाल्याला दोनदा करावं लागलं. फेब्रुवारीत मंडळापुढे तपासणी. दिव्यांगत्वाचे टक्के 40 च्या खाली आले, म्हणजे बहुतेक योजनांतून बाहेर. यात मंडळाचा दोष नाही, नियमच तसा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल तोटा असेल तर 'कमी ऐकू येणारा' (हार्ड ऑफ हिअरिंग) धरतात, आणि तो तोटा 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झच्या सरासरीवर काढतात. बाबूची सरासरी 45. जाड सुरांनी सरासरी सावरून धरली. पण भाषा सरासरीवर ऐकायची नसते ना! साप आणि ताप यांतला फरक ज्या कोपऱ्यात आहे तिथे त्याला 70 लागतात, त्याला कागदावर वेगळा रकाना नाही. उतरत्या आलेखाच्या मुलांच्या आईबापांनी ही तयारी ठेवून जावं. आणि टक्के जास्त असतील तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकतं, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा. मुंबई सोयीची असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तुतारीने सकाळी दादरला उतरलं की लोकलने जवळच.

थेरपी आठवड्यातून एकदा, 400 रुपये. कणकवलीला एक थेरपिस्ट ताई मिळाल्या, अधूनमधून व्हिडिओवर, रेंज असेल तेव्हा. मार्च ते मे आंबा. पेट्या भरायच्या दिवसांत खंड पडला, तो पडणारच होता. घरी मात्र रोज सकाळी सहा आवाज: आ, ई, ऊ, म्, श्, स्. डॅनिअल लिंग यांची ही पद्धत. जाड ते बारीक सगळा पट्टा या सहांत येतो. मी बाबूच्या मागे उभी राहून म्हणायची, ऐकू आला की त्याने बी वाटीत टाकायची, नंतर तोच आवाज काढून दाखवायचा. यंत्राची बॅटरी उतरलीय की नळीत पाणी गेलंय, हेही यातूनच सगळ्यात आधी कळतं. आमच्याकडच्या पावसाळी हवेत यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवल्याशिवाय टिकत नाही. जेलचे दाणे रंग बदलले की ते बदला. बॅटरीचं स्टिकर एकदा काढलं की ती वापरात नसतानाही संपत जाते, तेव्हा लागेल तेव्हाच काढा.

गंमत म्हणजे आधी 'ऐकू आला' हे जमलं, मग 'वेगळा आहे' हे, आणि 'म्हणता आला' हे सगळ्यात शेवटी. मधल्या टप्प्यात तो सावलीला 'तावली' म्हणायचा, पण मी मुद्दाम 'तावली' म्हटलं तर मलाच ओरडायचा. म्हणजे डोक्यात फरक झालेला होता, जिभेवर नव्हता.

याच काळात मी ताईंना विचारलं, हा फरक मेंदूत झालाय की नाही हे बेरासारखं मशीनवर नाही का दिसत? त्या म्हणाल्या, दिसतं, पण दवाखान्यात नाही, प्रयोगशाळेत. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून 'बा बा बा बा' ऐकवत राहायचं आणि मध्येच एखादा 'दा' टाकायचा. माणूस आवाज बंद केलेला सिनेमा बघत बसला तरी चालतो, लक्ष द्यावं लागत नाही. 'दा' आल्यावर साधारण 150 ते 250 मिलिसेकंदांत मेंदूच्या लहरीत एक ऋण झोका दिसतो. त्याला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात. फिनलंडच्या रिस्टो नॅटॅनेन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये तो मांडला. 1997 मध्ये त्यांच्याच गटाने फिनिश आणि एस्टोनियन लोकांना तेच स्वर ऐकवले. त्यातला एक स्वर एस्टोनियनमध्ये आहे, फिनिशमध्ये नाही. कानावर पडणारा आवाज दोघांना अगदी सारखा, पण त्या स्वराला एस्टोनियन मेंदूने मोठा झोका दिला, फिनिश मेंदूने लहान.

मग बाबूची ही तपासणी करूया की, मी म्हटलं. ताईंनी मान हलवली. हा झोका काही मायक्रोव्होल्टचा, शेकडो वेळा ऐकवून सरासरी काढल्यावर दिसणारा. गटात तो छान दिसतो, पण एकेका माणसात, अगदी चांगलं ऐकणाऱ्यातही, कधी कधी नीट दिसत नाही. तेव्हा त्यावरून एका मुलाला फरक कळतो की नाही असा निकाल देता येत नाही. "तुमच्या वाटी-बियांवर विश्वास ठेवा," असं म्हणाल्या. कुणी तुम्हाला पैसे घेऊन 'मेंदूची भाषा-तपासणी' करून निकाल देतो म्हणालं, तर हे लक्षात ठेवा.

जून 2025 मध्ये बाबू पहिलीत गेला. 'स' आता पक्का आहे. 'श' आणि 'स' घाईत अजून एकमेकांत मिसळतात. शाळेत नवीन अडचण आली ती पावसाची. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शिक्षकांचे बारीक आवाज सगळे बुडतात, यंत्र आवाज मोठा करतं तसा पाऊसही मोठा करतं. मी ऑडिओग्रामची झेरॉक्स आणि एक साधं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटले: पहिल्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून शिकवू नका, सूचना एकदा त्याच्याकडे बघून सांगा. सरांनी पावसापुरता पहिलीचा वर्ग स्लॅबच्या खोलीत हलवला, तिथे पूर्वी पोषण आहाराचे तांदूळ असायचे. पुढचा ऑडिओग्राम दिवाळीच्या सुट्टीत आहे, साचेही तेव्हाच बदलायचे आहेत. कोल्हापूरला आदल्या दिवशी जाणार आहोत.